ख्रिस्ती महाविद्यालयांतील संज्ञापनविद्या : परंपरा, अभ्यासक्रम आणि काही प्रश्न

१. विषयाचे स्वरूप

वृत्तपत्र, नभोवाणी, चित्रपट, दूरचित्रवाणी आणि अलीकडची संगणकाधिष्ठित माध्यमे यांचा एकत्रित व शास्त्रशुद्ध अभ्यास म्हणजे संज्ञापनविद्या होय. विद्यापीठीय विद्याशाखांच्या मानाने ही विद्या वयाने लहान आहे. भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान किंवा गणित यांना जी प्राचीन पीठिका लाभली आहे ती तिला नाही. तिची काही अंगे समाजशास्त्राकडून आली, काही वाङ्मयसमीक्षेकडून, तर काही थेट छापखान्यातून आणि वृत्तपत्राच्या कचेरीतून आली. त्यामुळे ही विद्या की कसब, असा वाद तिच्या जन्मापासून चालत आला आहे.

भारतात या विद्येच्या अध्यापनास ज्या संस्थांनी हातभार लावला त्यांत ख्रिस्ती महाविद्यालयांचा वाटा लक्षणीय आहे. नागपूर, मुंबई, कलकत्ता, मद्रास या चारही नगरांत त्याच्या खुणा आढळतात. हा केवळ योगायोग मानावा काय? धर्मप्रसाराच्या हेतूने आलेल्या मंडळींना प्रसाराच्या साधनांविषयी आस्था असणे स्वाभाविक आहे, हे एक उत्तर झाले. परंतु ते उत्तर पुरेसे नाही, आणि त्यातूनच खरा प्रश्न उद्भवतो. ज्या संस्थेची स्थापना एका विशिष्ट श्रद्धेतून झाली, त्या संस्थेत माध्यमांचा मुक्त व चिकित्सक अभ्यास होऊ शकतो काय? संस्थापकाचा हेतू आणि विद्यार्थ्याची विद्या यांचा संबंध कोणता? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार इतिहासाच्या आधारे करावयाचा आहे.

प्रारंभी एका शब्दाकडे लक्ष वेधणे इष्ट ठरेल. ज्याला मराठीत संज्ञापन म्हटले जाते त्या ‘कम्युनिकेशन’ या शब्दाच्या मुळाशी ‘कम्युनिस’ हे लॅटिन विशेषण आहे. त्याचा अर्थ समाईक, सर्वांचे. ख्रिस्ती उपासनेतील ‘कम्युनियन’ हा शब्दही त्याच मुळातून निघाला. म्हणजे मूळ अर्थाने संज्ञापन हे एकाने दुसऱ्याला काही पाठविणे नसून अनेकांनी काही वाटून घेणे आहे. ‘संज्ञापन’ या मराठी प्रतिशब्दात जाणवून देण्याची छटा आहे, वाटून घेण्याची नाही. पाठविणे आणि वाटून घेणे या दोन कल्पनांमधला ताण हाच या संपूर्ण विषयाचा गाभा आहे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

२. मुद्रणयंत्र आणि महाविद्यालय

भारतातील पहिले मुद्रणयंत्र एका ख्रिस्ती महाविद्यालयातच उभे राहिले, ही गोष्ट या संदर्भात अर्थपूर्ण आहे. १५५६ साली पोर्तुगालहून निघालेले हे यंत्र गोव्यात उतरले. त्याचे नियोजित ठिकाण ॲबिसीनिया होते. परंतु ते गोव्यातच राहिले आणि जेझुइट पंथीयांच्या सेंट पॉल महाविद्यालयात त्याच वर्षी त्यावर छपाई सुरू झाली. पुढे साष्टीतील राशोल येथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. इंग्लंडात जन्मलेल्या या जेझुइटाने सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत रचला. देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्यामुळे तो रोमन लिपीत मुद्रित करावा लागला.

संज्ञापनाच्या अभ्यासकाने या घटनेकडे निराळ्या दृष्टीने पाहिले पाहिजे. स्टीफन्स यांच्यापुढे जे प्रश्न होते ते आजच्या कोणत्याही माध्यमकर्मीपुढे असतातच. श्रोता कोण? त्याच्या कानाला कोणता छंद परिचित आहे? जी संकल्पना त्याच्या भाषेत नाही ती कोणत्या शब्दाने सांगावी? उपलब्ध तंत्राच्या मर्यादा कोणत्या? त्यांनी ओवी स्वीकारली, पुराणाचा घाट स्वीकारला, संतकवींची भाषा अभ्यासिली. आणि वाचता न येणाऱ्या समुदायासमोर मोठ्याने म्हणावयाचा ग्रंथ सिद्ध केला. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू उघड होता. परंतु तो हेतू साधण्यासाठी त्यांना आधी शिष्य व्हावे लागले. ज्यांना सांगावयाचे त्यांच्याकडूनच सांगण्याची रीत शिकावी लागते, हा संज्ञापनविद्येतील पहिला पाठ होय.

दुसरे उदाहरण बंगालमधील श्रीरामपूरचे. विल्यम केरी आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे १८०० साली छापखाना घातला. केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली तेथूनच प्रसिद्ध झाले आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० साली मोडी खिळ्यांत छापून निघाला. या कामी वैजनाथ पंडितांचे त्यांना मोठे साह्य झाले. १८१८ या एकाच वर्षी श्रीरामपूर येथे महाविद्यालयाची स्थापना झाली आणि ‘समाचार दर्पण’ हे बंगाली साप्ताहिकही निघू लागले. महाविद्यालय आणि वृत्तपत्र ही दोन्ही एकाच मंडळीच्या हातून, एकाच गावी, एकाच वर्षी जन्मास यावीत हे सूचक आहे.

मुंबईतील अमेरिकन मिशनच्या छापखान्याची कथा तर याहून बोधप्रद आहे. या छापखान्यात १८१७ पासून मराठी छपाई होऊ लागली. तेथे शिळाछापाचे कसब पाहून, शिकून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना काढला आणि १८३१ साली मराठीतील पहिले छापील पंचांग प्रसिद्ध केले. याच मिशनच्या छापखान्यात जावजी दादाजी लहान वयात नोकरीस लागले. तेथील थॉमस ग्रॅहॅम यांच्या देखरेखीखाली तयार झालेली देवनागरी खिळ्यांची परंपरा त्यांनी आत्मसात केली आणि पुढे निर्णयसागर छापखान्याची स्थापना केली. संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध व सुबक आवृत्त्यांसाठी निर्णयसागरचे नाव जगभर झाले, हे सर्वश्रुत आहे. म्हणजे ज्या ठिकाणी बायबल छापण्याची विद्या शिकविली जात होती त्याच ठिकाणी शिकलेल्यांच्या हातून पंचांगे आणि संस्कृत ग्रंथ निघाले.

वृत्तपत्रांच्या क्षेत्रातही हेच घडले. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे ‘ज्ञानोदय’ सुरू केला. त्यातील हिंदुधर्मावरील टीकेस उत्तर देण्यासाठी मोरभट दांडेकर यांनी १८४४ साली ‘उपदेशचंद्रिका’ काढली. प्रचाराच्या पत्राने प्रतिवादाचे पत्र जन्मास घातले. त्या वादातून मराठी गद्यास युक्तिवादाची सवय लागली. आणि ज्या ‘ज्ञानोदया’ने वादास तोंड फोडले त्याच्याच मराठी विभागाचे संपादन पुढे, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्या कवीकडे आले.

या सर्व उदाहरणांतून एक निष्कर्ष निघतो : विद्या शिकविणाऱ्याच्या हेतूत अडकून पडत नाही. खिळे जुळविण्याचे कसब कोणत्याही मजकुरास उपयोगी पडते. युक्तिवादाची पद्धती प्रतिपक्षासही अवगत होते. मात्र हा निष्कर्ष इतिहासाचा आहे. संस्थाचालकांनी हे जाणूनबुजून घडविले असे त्यावरून म्हणता येणार नाही.

३. नागपूर : वृत्तपत्रविद्येचा आरंभ

आधुनिक अर्थाने वृत्तपत्रविद्येचे अध्यापन भारतात विसाव्या शतकात सुरू झाले. लाहोर येथील पंजाब विद्यापीठात १९४१ साली असा विभाग निघाला. फाळणीनंतर तो दिल्लीस आला. मद्रास विद्यापीठात १९४७ साली आणि म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयात १९५१ साली या विषयाचे अध्यापन सुरू झाले. यानंतरचे नाव नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाचे. स्कॉटलंडहून आलेले मिशनरी आणि भूगर्भशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाने १८८३ साली स्थापन झालेल्या या महाविद्यालयात १९५२ साली वृत्तपत्रविद्येचा विभाग सुरू झाला. त्याच्या उभारणीत अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वोल्सली यांचा मोठा वाटा होता. फुलब्राइट योजनेखाली ते नागपुरास आले होते. भारतीय वृत्तपत्रव्यवसायाविषयी त्यांनी संपादित केलेला इंग्रजी ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला.

या विभागाची वेळ आणि स्थळ दोन्ही ध्यानात घेण्याजोगी आहेत. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिला वृत्तपत्र आयोग १९५२ सालीच नेमला गेला. त्याचा अहवाल १९५४ साली सादर झाला. वृत्तपत्रे ही स्वातंत्र्यलढ्याची साधने होती; स्वातंत्र्यानंतर त्यांचे कार्य कोणते, हा प्रश्न देशापुढे होता. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते. इंग्रजी, मराठी आणि हिंदी अशा तिन्ही भाषांची वृत्तपत्रे तेथे निघत होती. ‘हितवाद’ इंग्रजीत, ‘महाराष्ट्र’ आणि ‘तरुण भारत’ मराठीत, तर ‘नवभारत’ हिंदीत. एकच सभा तीन भाषांत तीन प्रकारे कशी वृत्तांकित होते हे पाहण्यास विद्यार्थ्याला शहराबाहेर जावे लागत नव्हते.

अमेरिकेतून आलेल्या अभ्यासक्रमाचा सांगाडा स्पष्ट होता : बातमी मिळविणे, लिहिणे, संपादणे, वृत्तपत्राचा इतिहास, कायदा आणि नीती. हा सांगाडा उपयुक्त होता यात शंका नाही. तथापि त्यातील पाठ्यपुस्तके, उदाहरणे आणि बातमीची व्याख्या ही परक्या भूमीतील होती. इंग्रजी बातमीचा पहिला परिच्छेद सारा सारांश आधी सांगून मोकळा होतो. मराठी वाक्य मात्र क्रियापदासाठी शेवटपर्यंत थांबते. तेव्हा इंग्रजी नमुन्यावर घडविलेला विद्यार्थी मराठी वृत्तपत्रात गेला की त्याला बांधणी पुन्हा शिकावी लागे. हा भाषेचा प्रश्न पुढे सविस्तर घ्यावयाचा आहे. पुणे विद्यापीठाने १९६४ साली रानडे इन्स्टिट्यूटमध्ये हा विषय आणला, तेव्हा मराठी प्रदेशात त्याला दुसरे स्थान मिळाले.

४. सैद्धांतिक पीठिका : सेंट लुई, टोरांटो, फोर्डम

ख्रिस्ती विद्यापीठांनी या विद्येला केवळ वर्ग आणि यंत्रसामग्री दिली असे नव्हे. तिच्या सैद्धांतिक उभारणीतही त्यांचा भाग आहे. अमेरिकेतील मिलवॉकी येथील मार्क्वेट या जेझुइट विद्यापीठाने १९१० सालीच वृत्तपत्रविद्येचे अध्यापन सुरू केले होते. परंतु विचारांच्या दृष्टीने सेंट लुई विद्यापीठ अधिक महत्त्वाचे आहे. मार्शल मॅक्लुहान यांनी १९३७ ते १९४४ या काळात तेथे इंग्रजी साहित्य शिकविले. त्यांच्या विद्यार्थ्यांत वॉल्टर ऑंग हे तरुण जेझुइट होते. पुढे मॅक्लुहान टोरांटोच्या सेंट मायकेल महाविद्यालयात गेले आणि १९६२ व १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांनी माध्यमविचारात मोठी खळबळ उडविली. ऑंग यांनी १९५८ साली पीटर रामुस या सोळाव्या शतकातील पंडितावरील ग्रंथात मुद्रणामुळे विचाराची ठेवणच कशी बदलली हे दाखविले आणि १९८२ साली मौखिकता व साक्षरता यांवरील आपला सुप्रसिद्ध ग्रंथ लिहिला.

या दोघांच्या प्रतिपादनाचा सारांश असा : माध्यम हे मजकूर वाहून नेणारे निर्जीव पात्र नव्हे. बोलणारा समाज, लिहिणारा समाज आणि छापणारा समाज यांच्या स्मृतीची, तर्काची आणि सहजीवनाची रीत वेगवेगळी असते. नभोवाणी व दूरचित्रवाणी यांनी एक नवी मौखिकता आणली आहे; परंतु ती लेखनाच्या पायावर उभी असल्याने प्राचीन मौखिकतेहून भिन्न आहे.

महाराष्ट्रातील अभ्यासकाला हा विचार परका वाटू नये. कीर्तनकार पूर्वरंग आणि उत्तररंग यांची मांडणी श्रोत्यांच्या प्रतिसादानुसार लांबवितो वा आखडतो. जात्यावरची ओवी म्हणणारीगणिक बदलते. पोथी मात्र बदलत नाही. ‘क्रिस्तपुराण’ हा ग्रंथ तर या तिन्ही अवस्थांच्या सांध्यावर उभा आहे : घाट मौखिक, लेखन विदग्ध, प्रसार मुद्रित. जे सिद्धांत सेंट लुईमध्ये युरोपीय ग्रंथांच्या आधारे रचले गेले त्यांची परीक्षा मराठी सामग्रीवर करता येते आणि ती झाली पाहिजे.

फोर्डम विद्यापीठातील एक घटना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. जॉन कल्किन या जेझुइट प्राध्यापकांच्या पुढाकाराने १९६७-६८ साली मॅक्लुहान यांना फोर्डम येथे एका प्रतिष्ठित अध्यासनावर पाचारण करण्यात आले. अध्यासनाचा खर्च न्यूयॉर्क राज्य देणार होते. परंतु फोर्डम ही कॅथलिक संस्था असल्याने राज्यघटनेनुसार तिला हा निधी देता येत नाही, असा अभिप्राय राज्याच्या महान्यायवाद्यांनी दिला. आणि तो भार विद्यापीठाला स्वतः उचलावा लागला. माध्यमांविषयीचे अध्यापन धार्मिक असो वा नसो, संस्थेची ओळख आड आली. भारतीय संविधानाने या बाबतीत निराळा मार्ग स्वीकारला आहे, हे पुढे दिसून येईल.

५. मुंबई, कलकत्ता, मद्रास

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी सामाजिक संज्ञापनाच्या साधनांविषयी एक आदेशपत्र संमत केले. १९७१ साली त्यावरील विस्तृत मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. तिच्यात माध्यमांकडे उपदेशाची साधने म्हणून न पाहता मानवी सहभावाची साधने म्हणून पाहण्याचा आग्रह आहे; लोकांचा माहिती मिळविण्याचा हक्क तिने मान्य केला आहे. शब्दाच्या मूळ अर्थाकडे, म्हणजे वाटून घेण्याकडे, वळण्याचा हा प्रयत्न होता. भारतातील कॅथलिक संस्थांच्या कार्यास याच काळात गती आली.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाची स्थापना १८६९ सालची. बरोबर शंभर वर्षांनी, १९६९ साली, त्याच आवारात झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स ही संस्था सुरू झाली. वृत्तपत्रविद्या, जाहिरात आणि जनसंपर्क या विषयांतील पदविका अभ्यासक्रम तिने चालविले. व्यवसायात काम करणारी मंडळीच तेथे शिकवावयास येत. मराठी पत्रकारितेचा स्वतंत्र अभ्यासक्रमही या संस्थेने सुरू केला, याची मराठी वाचकाने नोंद घ्यावी. सोफिया महाविद्यालयाच्या आवारातील पॉलिटेक्निकने स्त्रियांसाठी सामाजिक संज्ञापन माध्यमांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम उभारला. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत स्त्रियांची संख्या तुरळक असलेल्या काळात या अभ्यासक्रमाने एक दार उघडले.

कलकत्त्याचे उदाहरण वेगळ्या धर्तीचे आहे. गास्तों रोबेर्ज (१९३५-२०२०) हे कॅनडातील फ्रेंचभाषक जेझुइट १९६१ साली भारतात आले. येण्यापूर्वी न्यूयॉर्क येथे त्यांनी सत्यजित राय यांची अपू-चित्रत्रयी पाहिली होती, आणि बंगालशी त्यांची पहिली ओळख पडद्यावरूनच झाली होती. १९७० साली त्यांनी ‘चित्रबाणी’ हे केंद्र स्थापिले. चित्रपटाचा आस्वाद, छायाचित्रण, ध्वनिमुद्रण यांचे शिक्षण तेथे दिले जाई. चित्रपटास्वादावरील त्यांचे पुस्तक १९७४ साली निघाले. पुढे १९८६ साली विद्यापीठ अनुदान मंडळाच्या योजनेखाली कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शैक्षणिक चित्रफितींच्या निर्मितीचे केंद्र सुरू झाले. एका संन्यस्त धर्मगुरूने उभ्या केलेल्या कार्याला सार्वजनिक निधीची जोड मिळाली, आणि तयार झालेल्या चित्रफिती देशभरच्या विद्यार्थ्यांसाठी होत्या.

मद्रासच्या लोयोला महाविद्यालयाने दृश्यसंज्ञापन हा पदवीचा विषय केला. तमिळनाडूत चित्रपट आणि राजकारण यांचा जो घनिष्ठ संबंध आहे तो पाहता हा विषय तेथे रुजावा हे साहजिकच होते. मुंबई विद्यापीठाने २००० साली जनमाध्यमांची पदवी सुरू केल्यावर शहरातील अनेक महाविद्यालयांनी ती स्वीकारली. त्यांत ख्रिस्ती महाविद्यालयेही होती आणि इतरही. तेव्हापासून हा विषय कोणा एका समाजाच्या संस्थांचा राहिलेला नाही.

६. विद्यार्थी काय शिकतो?

अभ्यासक्रमांची नावे बदलली तरी त्यांची मुख्य अंगे चार आहेत. पहिले अंग कौशल्याचे : लेखन, संपादन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन. दुसरे अंग इतिहासाचे आणि कायद्याचे : अब्रुनुकसानी, न्यायालयाचा अवमान, प्रताधिकार, माहितीचा अधिकार. तिसरे अंग सिद्धांताचे : माध्यमांचा परिणाम, मालकी, जनमत, प्रतिमा व चिन्हे यांचे विश्लेषण. चौथे अंग नीतीचे.

ही चार अंगे सुटी सुटी शिकविली तर विद्या उभी राहत नाही. एक साधे उदाहरण घेता येईल. एखाद्या वस्तीतील पाणीपुरवठा आठ दिवस बंद आहे, अशी बातमी विद्यार्थ्याला करावयाची आहे. अधिकाऱ्याचे निवेदन मिळविणे हे कौशल्य झाले. कोणते कागद मागता येतात हे कायद्याचे ज्ञान झाले. वस्तीतील लोकांचे म्हणणे बातमीच्या शेवटी एका ओळीत का जाते आणि अधिकाऱ्याचे म्हणणे आरंभी का येते, हा सिद्धांताचा प्रश्न झाला. आणि रांगेत उभ्या असलेल्या स्त्रीचे छायाचित्र तिला न विचारता छापावे काय, हा नीतीचा. चारही प्रश्न एकाच बातमीत एकाच वेळी उभे राहतात. ज्या महाविद्यालयात ते एकत्र विचारले जातात तेथे संज्ञापनविद्या आहे. जेथे केवळ पहिला विचारला जातो तेथे केवळ कसब आहे.

ख्रिस्ती महाविद्यालयांनी नीतीच्या अंगावर भर दिला, असे सामान्यतः म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. तथापि नीती हा स्वतंत्र तासाचा विषय झाला की ती उपदेशाच्या पातळीवर उतरण्याचा धोका असतो. परीक्षेत उत्तम उत्तर लिहिणारा विद्यार्थी कचेरीत गेल्यावर पहिल्याच प्रसंगी गोंधळतो, कारण नीतीचा प्रश्न ‘नीती’ असे नाव लावून समोर येत नाही. तो मथळ्याच्या एका विशेषणात, छायाचित्राच्या एका कडेत, न घेतलेल्या एका मुलाखतीत दडलेला असतो.

७. तीन प्रश्न

पहिला प्रश्न संस्थेचा हेतू आणि अध्यापनाचे स्वातंत्र्य यांचा. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्य समाजांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. आणि अशा संस्थेला ती अल्पसंख्यांची आहे या कारणावरून साह्यदानात भेदभाव करू नये, असे राज्यावर बंधन घातले आहे. उलट अनुच्छेद २८ नुसार राज्याने मान्यता दिलेल्या वा साह्य दिलेल्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यावयास लावता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये जे दार बंद झाले ते येथे उघडे आहे. मात्र त्या दारातून आत येणाऱ्या विद्यार्थ्याच्या श्रद्धेचे रक्षणही केलेले आहे. या संस्थांतील विद्यार्थी फार मोठ्या प्रमाणावर ख्रिस्तेतर असतात, हे पाहता या दुहेरी व्यवस्थेचे मोल कळते.

परंतु कायद्याने प्रश्न संपत नाही. प्रचाराच्या साधनांची चिकित्सा शिकविणाऱ्या महाविद्यालयाने आपल्या परंपरेतील प्रचाराचीही चिकित्सा करू द्यावयास हवी. ‘ज्ञानोदय’ आणि ‘उपदेशचंद्रिका’ हे दोन्ही अंक एकाच मेजावर ठेवून वाचता आले पाहिजेत. गोव्यात मुद्रणयंत्र आणणाऱ्या सत्तेच्या काळातच देशी भाषांतील ग्रंथांचा नाश झाला आणि १६८४ साली देशभाषेच्या वापराविरुद्ध फर्मानही निघाले, हा इतिहास ‘क्रिस्तपुराणा’च्या गौरवाबरोबरच शिकविला गेला पाहिजे. हीच कसोटी इतर कोणत्याही पंथाच्या, पक्षाच्या वा उद्योगसमूहाच्या संस्थेलाही लागू आहे. स्वतःच्या संस्थापकाविषयी प्रश्न विचारता येणे ही संज्ञापनविद्येच्या प्रामाणिकपणाची खूण होय.

दुसरा प्रश्न भाषेचा. या महाविद्यालयांचे माध्यम बहुधा इंग्रजी राहिले. इंग्रजी ग्रंथसामग्री विपुल, प्राध्यापकही इंग्रजीतून शिकलेले. त्यामुळे अशी स्थिती उद्भवली की, विद्येची भाषा एक आणि वाचकांची भाषा दुसरी. मराठी वृत्तपत्रांचा वाचकवर्ग मोठा. पण त्यांतील लेखनाचे शास्त्र मराठीत तोकडे. संज्ञापन, माध्यम, प्रतिमा, आशय, संकेत हे शब्द तयार झाले; तरी ते चर्चेत मुरले नाहीत. स्टीफन्स आणि केरी यांच्याविषयी मतभेद असू शकतील, परंतु त्यांनी ज्यांना सांगावयाचे त्यांची भाषा प्रथम आत्मसात केली, याविषयी मतभेद संभवत नाही. त्यांच्या वारशाचा उल्लेख करणाऱ्या संस्थांवर त्या वारशातील हे कलम सर्वांत बंधनकारक आहे. मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम सायंकाळचा जोडविषय म्हणून चालविणे आणि संज्ञापनाचा मूळ सिद्धांत मराठीतून मांडणे, या दोहोंत अंतर आहे.

तिसरा प्रश्न व्यवसायाचा. जाहिरात व जनसंपर्क यांची मागणी मोठी, शुल्क अधिक, नोकरीची शक्यताही अधिक. वृत्तलेखनाचे तसे नाही. त्यामुळे संस्थेचा कल हळूहळू पहिल्याकडे झुकतो. गरिबांच्या सेवेचे ब्रीद बाळगणाऱ्या संस्थेतून श्रीमंतांच्या वस्तू खपविण्याचे कौशल्य घेतलेले विद्यार्थी बाहेर पडावेत, हा विरोधाभास अशा संस्थांतील विचारी अध्यापकांना जाणवल्यावाचून राहत नाही. यावर जाहिरातविद्या बंद करणे हा उपाय नव्हे. जो विद्यार्थी जाहिरात करावयास शिकतो त्यानेच जाहिरात उलगडावयासही शिकले पाहिजे. शैक्षणिक संस्थांना स्वतःचे लघुक्षेत्रीय नभोवाणी केंद्र चालविण्याची मुभा २००२ साली मिळाली. अशा केंद्रातून आसपासच्या वस्तीची बोली, तिचे प्रश्न आणि तिची गाणी ऐकू यावीत, हे महाविद्यालयाच्या आवाक्यातील काम आहे. तेथे विद्यार्थ्याला पाठविणारा न राहता ऐकणारा व्हावे लागते.

८. समारोप

गोव्यातील १५५६ च्या मुद्रणयंत्रापासून मुंबईतील आजच्या माध्यमवर्गापर्यंतचा हा प्रवास सरळ रेषेतला नाही. त्यात श्रद्धा आहे, सत्ता आहे, विद्याप्रेम आहे आणि व्यवहारही आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र सुस्पष्ट आहे. ख्रिस्ती महाविद्यालयांनी या विद्येला साधने दिली, शिस्त दिली आणि काही मूलगामी विचारही दिला. ज्या ज्या वेळी त्यांनी श्रोत्याला केवळ लक्ष्य मानले त्या त्या वेळी त्यांचे कार्य प्रचारापुरते राहिले. ज्या ज्या वेळी श्रोत्याकडून ते शिकले त्या त्या वेळी त्यांच्या हातून भाषेला, मुद्रणाला आणि विचाराला चिरस्थायी असे काही मिळाले.

गणपत कृष्णाजींनी मिशनच्या छापखान्यात कसब शिकून पंचांग छापले, तेव्हा त्यांनी कोणाचा विश्वासघात केला नाही; शिकविणाऱ्याची विद्या आपल्या समाजाच्या गरजेला लावली. आज अशा महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याकडूनही याहून वेगळी अपेक्षा नाही. त्याने विद्या घ्यावी, ती देणाऱ्याचीही चिकित्सा करावी, आणि ज्यांच्यात तो वाढला त्यांच्या भाषेत ती परत करावी. संज्ञापन म्हणजे वाटून घेणे, हा अर्थ खरा असेल तर अभ्यासक्रमाची अंतिम परीक्षा परीक्षागृहात होत नाही. ती वाचकाच्या ओसरीवर होते.